क्षमा केली, भरपाईचे काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या धर्मग्रामांतून पवित्र शास्त्रातील वचनाच्या तोडीने उच्चारली जाते. बांधाच्या तंट्यात किंवा भावाभावांच्या वाटणीत तिच्यात थोडेबहुत शहाणपण असेलही. परंतु रानात शिकारीला गेलेल्या गटातील एकाच्या बंदुकीची गोळी सोबत्याच्या मांडीत शिरते, त्याचा पाय जन्माचा अधू होतो आणि जखम ओली असतानाच चार वडीलधारी माणसे खाटेभोवती बसून त्याला हीच म्हण ऐकवतात, तेव्हा ती म्हण शहाणपणाची राहत नाही. ती अन्यायाची वकिली करू लागते.

अशा बैठकीला धर्मगुरूने यावे, असाही आग्रह असतो. म्हणीने काम भागले नाही तर क्षमेचे वचन हाताशी हवे असते, आणि ते झग्यातल्या माणसाच्या तोंडून आले म्हणजे जखमीची बायको पदराने डोळे पुसून गप्प बसते. "फादर, तुम्हीच त्यांना समजवा. झालं ते झालं. ख्रिस्ती माणसानं मनात राग ठेवू नये." मग काही हजार रुपये, मुद्रांकावरचा एक करारनामा, दोन्ही बाजूंच्या सह्या किंवा अंगठे आणि शेवटी एक प्रार्थना. प्रकरण मिटले, असे सर्वांनी म्हणायचे. ज्याच्या घरात ते मिटलेले नसते, त्याला कोणी विचारत नाही.

या प्रथेविरुद्ध आम्हाला लिहायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, क्षमा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचे नाव घेऊन दुसरी बुडवणे हे कायद्याला धरून नाही आणि ख्रिस्ती धर्माला तर मुळीच धरून नाही.

हा विषय आपल्याला परका आहे, असे कोणी समजू नये. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्यात केवळ वसईचा बागायती पट्टा आला नाही; डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा असे रानाला भिडलेले तालुकेही आले. तिकडे दक्षिणेस सिंधुदुर्गातील आपली गावे तर डोंगराच्या कुशीतच आहेत. पिकत आलेल्या भाताच्या शेतात एका रात्रीत रानडुकरांचा कळप घुसला म्हणजे काय होते, हे ज्याच्या पोटावर आले आहे त्याला आम्ही सांगायला नको. कंदमुळे उकरली जातात, बांध फुटतात, वर्षाचे धान्य चिखलात जाते. त्या रागातून, आणि खरे सांगायचे तर मटणाच्या ओढीतूनही, माणसे ठासणीची बंदूक घेऊन रात्री रानात शिरतात. काही हाकारे घालतात, काही दबा धरून बसतात; झुडूप हलते, बॅटरीचा झोत पडतो न पडतो, आणि घोडा दाबला जातो.

२०२५ च्या जानेवारीअखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात नेमके हेच घडले. रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने सोबत्यालाच जनावर समजून गोळी घातली आणि तो मरण पावला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, खबर देण्याऐवजी बरोबरच्या लोकांनी मृतदेह झुडपांत लपवला. पोलीस तेथवर पोहोचले, तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. ही बातमी वाचून आपल्याकडे अनेकांनी हळहळ व्यक्त केली. परंतु मृतदेह लपवणारे हात आणि जखमीला गप्प बसवणारी आमची बैठक यांच्यात फार अंतर आहे काय? दोन्हीकडे भीती एकच, आणि दोन्हीकडे त्या भीतीची किंमत ज्याला गोळी लागली तोच मोजतो.

ती भीती समजून घेतली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी घातलेली आहे, आणि रानडुक्कर या कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावराविरुद्ध अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी मिळवण्याची वाट कलम ११ ने ठेवलेली आहे. परंतु ती वाट कचेरीतून जाते, म्हणून क्वचितच कोणी तिने जातो. शिवाय हातातील बंदूक बहुधा बिनपरवान्याची किंवा दुसऱ्याच्या नावावरची. तेथे १९५९ चा शस्त्र कायदा आड येतो. म्हणजे गोळी चुकून लागण्याआधीच दोन कायदे मोडलेले असतात. मग त्या दोन गुन्ह्यांवर पांघरूण घालण्यासाठी तिसरा अन्याय केला जातो, आणि तो नेमका जखमीच्या अंगावर.

या अन्यायाची सुरुवात इस्पितळाच्या दारात होते. डॉक्टरांना सांगायचे की पडला, खुंटी घुसली, डुकराने सुळा मारला. महाराष्ट्र शासन वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जखमी झालेल्यास ठरावीक भरपाई देते, तेव्हा या खोटेपणात पैशाची आशाही मिसळते. परंतु मांसात रुतलेला छर्रा क्ष-किरण चित्रात लपत नाही. खोटी हकीकत सांगितली की आधी उपचार चुकतात, मग कागद चुकतात. आणि पुढे कोणत्याही न्यायालयात उभे राहायचे झाले तर जखमीच्या हातातला पहिला पुरावाच त्याच्याविरुद्ध बोलू लागतो. गोळीची जखम घेऊन आलेल्या माणसाला आधी पोलिसांचा कागद आण, असे म्हणून परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला नाही. सरकारी असो वा खासगी, प्राण वाचवण्याचे उपचार त्याने तत्काळ दिलेच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने जखमीला रात्रभर घरी झाकून ठेवणे याला कसलेही समर्थन नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम १२५ नुसार, मानवी जीवन धोक्यात येईल अशा बेपर्वाईने किंवा हयगयीने वागून कोणाला जबर दुखापत केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मृत्यू घडला तर कलम १०६ लागते आणि कैद पाच वर्षांपर्यंत जाते. "त्याने मुद्दाम मारले नाही" हे वाक्य बैठकीत शंभर वेळा उच्चारले जाते. मुद्दाम मारले असते, तर ही कलमे लागलीच नसती. ती मुळी मुद्दाम न मारणाऱ्या पण काळजी न घेणाऱ्या माणसासाठीच आहेत.

निव्वळ अपघात कायद्याला कळत नाही, असे मात्र नाही. जुन्या दंड संहितेचे कलम ८०, जे आता न्याय संहितेचे कलम १८ झाले आहे, ते अपघाताला क्षम्य मानते. तेथे दिलेले उदाहरण आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल: एक मनुष्य कुऱ्हाडीने काम करीत असताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि जवळ उभ्या असलेल्याचा प्राण घेते. अनुवाद ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात मोशे जो दाखला देतो, तो जवळजवळ हाच आहे: रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते उडून शेजाऱ्याला लागते, आणि त्या निरपराध माणसासाठी आश्रयनगर उघडे ठेवले जाते. दंड संहितेचा मसुदा करणाऱ्यांच्या मनात तो दाखला होता की नाही, याची चर्चा येथे नको. दोन्ही ठिकाणची अट महत्त्वाची आहे. मोशेच्या दाखल्यातील मनुष्य लाकूड तोडायला गेला आहे, त्याच्या मनात वैर नाही. कलम १८ ची अट अशी की, कृत्य कायदेशीर हवे, रीत आणि साधन कायदेशीर हवे, आणि पुरेशी काळजी घेतलेली हवी. जनावर समजून झाडलेल्या गोळीबद्दल जुन्या काळी काही आरोपी सुटलेही आहेत. परंतु बंदी असलेल्या शिकारीला निघून, नीट न दिसणाऱ्या हालचालीवर अंधारात गोळी झाडणाऱ्याने या कलमाच्या सावलीत जागा मिळेलच असे धरून चालू नये. समोर काय आहे हे ओळखल्याशिवाय घोडा न दाबणे, ही बंदूक हाती धरणाऱ्याची पहिली काळजी आहे. आणि आणखी एक गोष्ट: फौजदारी खटल्यातून सुटलेला मनुष्य भरपाईच्या दिवाणी दाव्यातूनही आपोआप सुटतो, असे नाही. तेथे पुराव्याचे माप वेगळे आहे.

भरपाईच्या वाटा तीन आहेत, आणि त्या प्रत्येक घरात माहीत असाव्यात. पहिली वाट फौजदारी न्यायालयाची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली न्यायालय दंडाची रक्कम जखमीला देववू शकते, आणि शिक्षेत दंड नसेल तर आरोपीने वेगळी भरपाई द्यावी असा हुकूम करू शकते. ही तरतूद जुन्या संहितेच्या कलम ३५७ मध्येही होती, पण ती धूळ खात पडे. म्हणून २०१३ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. दुसरी वाट शासनाच्या पीडित नुकसानभरपाई योजनेची. तिचा आधार आता कलम ३९६ मध्ये आहे, महाराष्ट्राची योजना २०१४ सालची आहे, आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. गोळी कोणाची हे कळलेच नाही, म्हणून खटला उभा राहिला नाही, तरीही जखमीला तेथे अर्ज करता येतो. तिसरी वाट दिवाणी दाव्याची. मृत्यू झाला असेल तर १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली पत्नी वा पती, आईबाप व मुले यांच्यासाठी दावा लावता येतो. त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. बैठकीत "जरा थांबा, बघू" असे म्हणत घालवलेला प्रत्येक महिना या मुदतीतून वजा होतो, हे वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आणि भरपाई म्हणजे केवळ इस्पितळाचे बिल नव्हे. बैठकीत हिशेब होतो तो बिलाचा, आणि तोही निम्मा. न्यायालये हिशेब कसा करतात ते पाहण्यासारखे आहे. २०१० साली मोटार अपघाताच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मांडणी करून दिली आहे: औषधोपचार, प्रवास व पौष्टिक आहाराचा खर्च, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, पुढील उपचारांचा खर्च, वेदना, आणि जगण्यातील जो आनंद हरवला त्याचे मोल. त्याच निकालात न्यायालय सांगते की, अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या दोन गोष्टी एक नव्हेत. डावा हात गेलेला कारकून आपले काम करू शकेल. सुताराचा आणि गाडीचालकाचा मात्र धंदाच गेला. आमच्या धर्मग्रामांत कारकून किती आणि हातापायांवर जगणारे किती? ज्याला बांधावरून पाण्याची मोटार चालू करायला जाता येत नाही, ज्याला होडीत चढता येत नाही, ज्याला परातीने रेती उचलता येत नाही, त्याला वीस-पंचवीस हजारांत "समजूत घालणे" म्हणजे त्याच्या उरलेल्या आयुष्याची बोली लावणे होय.

मुद्रांकावरच्या त्या करारनाम्याविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत. "रक्कम मिळाली, आम्ही पोलिसांत तक्रार करणार नाही," असे त्यात लिहिलेले असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार फौजदारी कारवाई दडपण्याच्या बदल्यात केलेला करार रद्दबातल आहे. म्हणजे ज्या कागदाच्या भरवशावर गोळी झाडणारा निश्चिंत झोपतो तो कागद त्याला वाचवत नाही. आणि "उरलेले पैसे दिवाळीनंतर देतो" असे जे त्यात लिहिलेले असते, ते वसूल करायलाही जखमीला त्या कागदाचा उपयोग नाही. दुखापतीच्या गुन्ह्यात तडजोड करता येते, परंतु न्यायालयाच्या परवानगीने. हयगयीमुळे मृत्यू झाला असेल तर तीही नाही. शिकारीचा आणि शस्त्राचा गुन्हा तर दोन कुटुंबांनी आपसात मिटवण्याचा विषयच नव्हे. असल्या कागदावर साक्षीदार म्हणून धर्मगुरूची सही मागणे म्हणजे त्याला एका पोकळ वचनाला जामीन राहायला सांगणे आहे. आम्ही ती करणार नाही, आणि आमच्या बंधू धर्मगुरूंनीही करू नये, अशी आमची विनंती आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातात, ते आम्हाला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, जखमी स्वतःच्या पायाने शिकारीला गेला होता. गेला होता, हे खरे. त्याबद्दल त्याच्यावर ठपका येऊ शकतो आणि भरपाई ठरवताना त्याचे वागणे विचारात घेतले जाऊ शकते. म्हणूनच त्याने काहीही लिहून देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. परंतु तो शिकारीला गेला, गोळी खायला गेला नाही. चुकीच्या वाटेवर जखमी झालेल्या माणसाचा उपचाराचा आणि न्यायाचा हक्क संपत असेल, तर आपल्यापैकी कोणाचा उरेल? शिवाय सर्वच जखमी शिकारीला गेलेले नसतात. फाट्या गोळा करायला गेलेली बाई, गुरे शोधायला गेलेला पोर, डुकरासाठी वीज सोडलेल्या तारेला पाय लागलेला शेजारी, यांनी कोणता गुन्हा केलेला असतो? निर्गम ग्रंथात, ज्याने खड्डा खणून उघडा ठेवला त्याने त्यात पडलेल्या दुसऱ्याच्या जनावराचे मोल भरावे, असा नियम आहे. बैलासाठी जो न्याय, तो माणसासाठी नको काय?

दुसरा आक्षेप: गोळी झाडणाराही गरीब आहे, तो कोठून देणार? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु गरिबी हे हप्ते ठरवण्याचे कारण आहे, देणे नाकारण्याचे नव्हे. आणि देणारा तो एकटाच का? बंदूक ज्याच्या मालकीची, ज्याने ती दिली, ज्याने बेत आखला, ज्या ज्या हयगयीमुळे हे घडले, त्या साऱ्यांची जबाबदारी तपासली पाहिजे. शिकार साधली असती तर वाटे सगळ्यांनी घेतले असते. मग दुखापतीचा वाटा एकट्याच्या पदरात का?

तिसरा आक्षेप शास्त्राचा, आणि तो आमच्याकडेच पाहून घेतला जातो. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात भाऊ भावावर फिर्याद करतो म्हणून खडसावले आहे, तर मग तुम्ही आम्हाला कोर्टात कसे पाठवता? सहावा अध्याय पूर्ण वाचावा, एवढेच आमचे उत्तर. पौल तेथे विचारतो की, भावाभावांत निवाडा करील असा एकही सुज्ञ मनुष्य तुमच्यात नाही काय? त्याला निवाडा हवा आहे. निवाड्याच्या नावाखाली तोंड दाबणे नको आहे. आणि त्याच ठिकाणी तो अन्याय करणाऱ्यांना आणि भावाला लुबाडणाऱ्यांना उद्देशून जे म्हणतो, ते बैठकीत कोणी वाचून दाखवत नाही. हाच पौल स्वतःवर अन्याय होऊ लागला तेव्हा रोमी नागरिकाचा हक्क सांगून कैसराकडे दाद मागतो, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. कायद्याचा आधार घेतल्याने त्याचे प्रेषितपण उणे झाले नाही.

चौथा आक्षेप गावाच्या एकीचा. पोलीस आले म्हणजे गाव फुटते, असे म्हणतात. आमच्या पाहण्यातले असे की, गाव फुटते ते अन्यायाने, आणि त्याचा आवाज वर्षांनंतर येतो. लंगडणारा मनुष्य रोज त्याच रस्त्याने जातो, गोळी झाडणाऱ्याच्या ओट्यासमोरून जातो. त्याची मुले शाळा सोडून कामाला लागतात. आणि मिस्सेत शांतीचे अभिवादन करताना दोन बाके एकमेकांकडे पाहत नाहीत. ही एकी नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: क्षमा. प्रभूने सात वेळा नव्हे, तर सत्तरदा सात वेळा क्षमा करायला सांगितले, आणि त्यातून एकही वेळ वजा करण्याचा आमचा विचार नाही. जखमीने क्षमा करावी, द्वेषाने स्वतःचे मन जाळू नये, असे आम्ही त्याला सांगू; पण एकांतात सांगू, रकमेच्या घासाघिशीत नव्हे. कारण क्षमा जखमीने द्यायची असते आणि भरपाई अपराध्याने. एकाचे कर्तव्य सांगून दुसऱ्याचे कर्तव्य माफ करण्याचा अधिकार तिसऱ्याला कोणी दिला? निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात नियम आहे: मार लागून अंथरुणाला खिळलेला मनुष्य पुढे काठी टेकत चालू लागला, तर मारणारा शिक्षेतून सुटेल, परंतु त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई आणि तो बरा होईपर्यंतचा उपचार मारणाऱ्याने केला पाहिजे. आजच्या न्यायालयांची "बुडालेली कमाई" आणि "औषधोपचार" ही दोन कलमे तेथे जशीच्या तशी दिसतात. जक्कयाच्या घरी तारण आले, तेव्हा लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे त्याने आपणहून कबूल केले होते. तुम्ही मला क्षमा करा आणि विषय संपवा, असे तो म्हणाला नाही. दयाळू शोमरोनी तर अपराधीही नव्हता. तरी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि पुढे लागेल तो खर्च परत येताना देईन, असेही सांगितले. ज्याच्या हातून काहीच घडले नाही त्याने पुढील उपचारांची हमी घेतली. आणि ज्याच्या बंदुकीतून गोळी सुटली, त्याने एका रकमेत हात झटकायचे?

आपल्या चर्चची शिकवणही याबाबत संदिग्ध नाही. १९८३ च्या कॅनन लॉ संहितेचा १२८ वा नियम सांगतो की, जो आपल्या दोषाने अन्यायाने दुसऱ्याची हानी करतो, तो ती भरून देण्यास बांधलेला आहे. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्धीस मान्यता दिलेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २४८७ वा परिच्छेद तर थेट आमच्या बैठकीसाठीच लिहिल्यासारखा आहे: न्याय आणि सत्य यांविरुद्धच्या प्रत्येक अपराधातून भरपाईचे कर्तव्य निर्माण होते, आणि अपराध्याला क्षमा मिळाली तरीही ते उरते. पापनिवेदनाच्या संस्कारात आम्ही पापमुक्ती देतो, तेव्हाही झालेले नुकसान शक्य तेवढे भरून काढण्याची जबाबदारी पश्चात्तापी माणसावर राहतेच, हे प्रथम कम्युनियनच्या वर्गातल्या मुलालाही आपण शिकवतो. चोरलेली पेन्सिल परत कर, असे मुलाला सांगायचे आणि हिरावलेल्या पायाबद्दल मोठ्यांना काहीच सांगायचे नाही, हा कोठला धर्म?

तेव्हा करायचे काय, ते आम्ही साध्या शब्दांत सांगतो. गोळी लागली की आधी इस्पितळ, आणि डॉक्टरांना खरी हकीकत. मग पोलिसांत खबर. प्रथम खबरीची प्रत जखमीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. औषधाची प्रत्येक पावती, गाडीभाड्याचा प्रत्येक कागद जपून ठेवावा. अपंगत्व राहिले तर सरकारी इस्पितळाचा दाखला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती व जमातींची माणसे आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना वकील विनामूल्य मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक चर्चच्या फलकावर मिस्सेच्या वेळांशेजारी लिहून ठेवावा. दोन्ही कुटुंबांना पैशाची तडजोडच हवी असेल तर लोकअदालत आहे. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते, आणि तो मुद्रांकाच्या कागदासारखा हवेत उडून जात नाही. पण डॉक्टर "आता यापुढे एवढेच" असे सांगेपर्यंत अंतिम रकमेवर सही करू नये. आणि दुर्दैवाने मृत्यू झाला असेल, तर शवविच्छेदन आणि पोलिसांचे कागद झाल्याशिवाय आमच्या कबरस्तानात कुदळ पडणार नाही, हे धर्मग्रामाने आधीच ठरवून टाकावे.

दोषी माणसालाही धर्मग्रामाने वाऱ्यावर सोडू नये. त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात चालत जाणारा, त्याच्यासाठी वकील पाहणारा, त्याचे हप्ते थकू नयेत म्हणून त्याला काम मिळवून देणारा कोणी हवा. खरे सांगून देणे फेडलेला मनुष्य पुन्हा मान वर करून चालतो; दडपून सुटलेल्याला ते आयुष्यभर जमत नाही. आपल्या पॅरिश कौन्सिलला आणि व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला यापेक्षा मोठे प्रेमकार्य कोणते हवे?

संत ह्युबर्ट हा शिकाऱ्यांचा आश्रयदाता मानला जातो, त्याचा सण ३ नोव्हेंबरला येतो. परंपरा सांगते की, पाठलाग करीत असलेल्या हरणाच्या शिंगांमध्ये त्याला क्रूस दिसला आणि तो जागीच थांबला. झुडूप हलताच समोर कोण आहे हे पाहण्यासाठी आमचे शिकारी थांबले, तर हा लेख लिहावा लागणार नाही. परंतु जोवर ते थांबत नाहीत, तोवर जखमी होऊन पडलेल्या माणसाकडे पाहण्यासाठी तरी आपण थांबले पाहिजे. क्षमा हे त्याने द्यायचे दान आहे, आणि भरपाई हे त्याचे येणे आहे. दान कोणाकडून बळाने घेता येत नाही. आणि येणे प्रार्थनेने फिटत नाही.